मला ऐकू आलं नाही

धान पिवळा पडू लागला की मला अजून भीती वाटते. सगळ्यांना त्या दिवसांत आनंद होतो. बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं, पाणी आटलेलं असतं, लोंब्या वाकलेल्या असतात, सकाळी धुक्यातून ओल्या तनसाच्या पेंढ्याचा आणि चिखलाचा मिळून एक गोडसर वास येतो. गोंदियाला मुलाच्या घराच्या गच्चीवरून अजून चार-सहा बांध्या दिसतात. तो वास वर येतो आणि मी खाली उतरते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईनं धानाच्या वासाला भ्यावं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून आजवर सांगितलं नाही.

परवा नातीचा फोन आला. ती अमेरिकेत असते. एरवी तिच्या बोलण्यात थंडी, भाज्यांचे भाव, ऑफिस असं असतं. त्या दिवशी तिचा आवाज बारीक होता. तिकडे कोर्टानं काहीतरी निकाल दिला होता आणि सरकारातली माणसं उघडपणे म्हणत होती की ऐकायचं की नाही ते आम्ही बघू. "आजी, कोर्टाचंच कुणी ऐकलं नाही तर मग उरतं काय गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "स्वयंपाक केलास का?"

अमेरिकेच्या राजकारणातलं मला काय कळतं? कोणता पक्ष कुणाचा, कोण डावा, कोण उजवा, माझा नेहमी गोंधळ होतो. पण अमेरिकेच्या कोर्टाबद्दल माझं एक मत होतं. ते मी सत्तावन साली एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून बनवलं होतं, आणि त्याच हंगामात ते चुकीचं ठरलं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. भंडाऱ्याहून पहिल्या नेमणुकीवर आले होते. दवनीवाड्याहून धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, तासभर चाललं की ते गाव यायचं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आता नाहीत, पण त्यांची नातवंडं आहेत, आणि ती माझ्याशी चांगली वागतात. शाळा म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे पडवी. गावात एकच किराणा दुकान होतं, लालाजींचं. ते हिंदी बोलत, मराठी समजत, आणि गोंदियाहून माल आणताना नागपूरचं मराठी वर्तमानपत्र घेऊन येत. ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी शाळा सुटली की मी दुकानाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि दहा-पंधरा माणसं ऐकायची.

त्यात डोमाजी पटेल नेहमी असत. पटेल हे त्यांचं आडनाव नव्हे. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली होती तरी गाव त्यांना पटेलच म्हणे. मी राहायची ती खोली त्यांच्याच घराला लागून होती, शाळेच्या कमिटीचे मुख्यही तेच. उंच, शांत माणूस. कधी आवाज चढवत नसत. त्यांची बायको, मी तिला काकी म्हणे, रोज सकाळी तांब्याभर दूध माझ्या दारात ठेवून जाई.

सप्टेंबरातली ती बातमी मला आजही आठवते. वर एक छायाचित्र होतं. पांढरा झगा घातलेली एक काळी मुलगी, छातीशी पुस्तकं धरून एकटी चाललेली. मागे गोऱ्या बायकांचा घोळका, त्यांची तोंडं ओरडण्यासाठी उघडलेली. मी बातमी वाचली. अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं होतं की काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकाच शाळेत शिकावं. त्या प्रांताच्या गव्हर्नरनं शाळेभोवती शिपाई उभे केले होते, काळ्या मुलांना आत जाऊ न देण्यासाठी.

लालाजी म्हणाले, "देखो भाई, कोर्ट कहता है बैठाओ, गवर्नर कहता है मत बैठाओ. अब मास्टर किसकी सुने?"

"कोर्टाची," मी म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं. वीस वर्षांची होते.

डोमाजींनी पेपर मागून घेतला. तो डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी चित्र पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लहान पोरीच्या अंगावर असं ओरडते काय कोनी? एवढे शिकलेले लोक हायेत म्हंतेत. काऊन असं करून राहिले?"

ओट्यावरच्या सगळ्यांनी च् च् केलं. त्या मुलीसाठी सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं. खोटं नव्हतं ते. मला तो क्षण अजून नीट समजत नाही, कारण त्या दया वाटण्यात खोट कुठेच नव्हती.

तीन आठवड्यांनी बातमी आली की त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं फौज पाठवली आणि मुलं आत गेली. "उनकी दिल्ली ने फौज भेजी," लालाजींनी सगळ्यांना समजावलं. डोमाजींनी मान हलवली. "बराबर केलं," म्हणाले.

त्या 'बराबर केलं'नं मला धीर आला. तिथेच मी चुकले.

माझ्या शाळेत सेवंता नावाची दहा वर्षांची मुलगी होती. चौथीत. ती पडवीत बसायची, घरून आणलेल्या पोत्यावर, खिडकीखाली. खिडकीतून माझा आवाज तिला ऐकू यायचा आणि फळ्याचा अर्धा भाग दिसायचा. उरलेला अर्धा ती सुटी झाल्यावर येऊन उंबऱ्यापासून वाचायची. मागच्या दसऱ्याला तिची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, पण गावाच्या लेखी पडवी ती पडवीच. शाळेत कुणालाही वेगळं बसवू नये, असा वरून आलेला हुकूम मी स्वतःच्या हातानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला होता. चार महिने तो तिथे होता आणि सेवंता चार महिने पडवीत होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

फौजेची बातमी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सेवंताला आत बोलावलं. तिनं पोतं उचललं. म्हटलं, पोतं नको, तरटाच्या पट्टीवर बस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला विहिरीत उतरायला सांगत होते. मग आली. चपला नव्हत्याच तिच्याकडे, तरी दाराशी सवयीनं पाय झटकले आणि पहिल्या पट्टीच्या टोकाला बसली. बाकीच्या मुली सरकल्या. मी शिकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत. हलका, लवकर येणारा धान कापायला आला होता. त्या दिवसांत मुलं शेतावर जातातच. मी स्वतःला तसंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सेवंताला तिचा बाप घेऊन आला. काशीराम त्याचं नाव. बुटका, अंगानं काटक माणूस, दुसऱ्यांच्या बांध्यांत राबणारा. "पोट्टी येकटी येतो म्हने, मीच म्हटलं चाल," एवढंच बोलला आणि पडवीच्या पायरीवर उभा राहिला.

थोड्या वेळानं डोमाजी आले. त्यांच्याबरोबर बकाराम होता, त्यांच्याच भावकीतला, तिशीचा, बैल अडला तर खांद्यानं गाडी लोटणारा. मी दाराशी होते, हातात खडू. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काशीराम, पोरीले बाहेर बसव."

"मी नाही बसवली आत, पटेल. बाईनं बसवली. बाईले सांगा."

"तुले सांगून राहिलो मी."

"मी तं नाही उठवत तिले."

डोमाजी बकारामकडे वळून, दूध ठेवायला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "धर त्याले आन् फेक बाहेर."

बकारामनं त्याला उचललं आणि पायऱ्यांवरून खाली टाकलं. खाली पाय धुवायचा दगड होता. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. आतल्या मुलांच्या पाट्या खडखडल्या. काशीराम उठून बसला, कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यानं पागोटं सोडून डोक्याला गुंडाळलं आणि आत बघून म्हणाला, "सेवंता, बसून राय."

ती बसून राहिली. तो तसाच, रक्तासकट, पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेला.

मी काय केलं? मी खडू हातात धरून उभी होते. तो खडू माझ्या घामानं ओला झाला होता. एवढंच.

मग जे दिवस आले त्यांचं वर्णन मला जमत नाही, कारण त्यांत काही घडलंच नाही. मला कुणी शिवी दिली नाही. कुणी दगड मारला नाही. काकीचं दूध रोज सकाळी येत होतं, साय धरलेलं, आणि मला वाटे, हे बंद झालं असतं तर बरं झालं असतं. मी धुऱ्यावरून जाताना बांधीतल्या माणसांचे विळे थांबत. खसाखसा कापण्याचा आवाज एकदम बंद होई आणि मी पुढे गेले की पुन्हा सुरू होई. वीस-पंचवीस विळे एकदम थांबल्याची ती शांतता माझ्या पाठीवर बसायची. शाळेत सहा मुलं, कधी चार, त्यात पट्टीच्या टोकाला सेवंता रोज. हंगामामुळे की माझ्यामुळे, हे मी कुणाला विचारू शकत नव्हते. वडिलांचं पत्र आलं: राजीनामा दे आणि परत ये. मी पत्र ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवलं, आणि रोज एकदा काढून पाहू लागले.

दुकानाच्या ओट्यावर मी अजून पेपर वाचत होते. फौजेच्या पहाऱ्यात ती मुलं शाळेत जात होती, पण वर्गात त्यांच्याशी कुणी बोलत नाही, ढकलतात, असं आलं होतं. लालाजी हळूच म्हणाले, "बाईजी, फौज दरवाजे तक जाती है. अंदर तो बच्चे को अकेले ही बैठना पड़ता है." डोमाजी समोरच बसले होते. त्यांनी विडी पेटवली. "कोर्टाले काय समजते?" ते म्हणाले. "जज काय आपले लेकरं त्या शाळेत पाठवते?" माणसं हसली. मी पुढची बातमी वाचायला घेतली.

मग समन्स आलं. काशीरामनं तक्रारीत दोघांची नावं दिली होती, बकारामचं मारल्याबद्दल आणि डोमाजींचं हुकूम दिल्याबद्दल. साक्षीला मोठं माणूस मी एकटीच. भारी, उशिराचा धान कापून झाला होता, खळ्यावर पेंढ्यांची पुंजणी उभी राहिली होती, आणि तारीख गोंदियाची होती.

आदल्या दिवशी डोमाजी स्वतः माझ्या दाराशी आले. "बाई, उद्या कशा जाल? आमचीच दमणी जाऊन राहिली. चला आमच्यासंगं."

नाही म्हणायचे शब्द माझ्याकडे होते. सगळे होते. मी म्हटलं, "बरं."

तो प्रवास मी आयुष्यात पुष्कळदा पुन्हा केला आहे, पलंगावर पडल्या पडल्या, उघड्या डोळ्यांनी. थंडी होती. निघताना काकीनं माझ्या पायांवर घोंगडी टाकली होती. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. बकाराम दमणी हाकत होता, डोमाजी माझ्या समोर. ते धानाबद्दल बोलले, यंदाच्या दाण्याबद्दल, माझ्या वडिलांच्या तब्येतीबद्दल. आणि मग, बाहेर बघत, म्हणाले, "पोरीची जात, येकटी राहते गावात. लोक चांगले नसतेत बाई. आमी हावो म्हून काही भेव नाही." त्यात धमकी नव्हती. शपथेवर सांगते, त्यांच्या आवाजात काळजी होती. मी घोंगडी पायांभोवती घट्ट ओढून घेतली.

अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेनं दोघं जण चाललेले दिसले. काशीराम, डोक्याला पांढरी पट्टी, आणि त्याचा हात धरून सेवंता. पहाटेच निघाले असणार. दमणी त्यांच्याजवळून गेली. सेवंतानं वर पाहिलं. मी घोंगडीत पाय घेऊन डोमाजींसमोर बसले होते. आमची नजरानजर झाली, आणि धुळीनं ती दोघं झाकली गेली.

कोर्टाची खोली लहान होती. मॅजिस्ट्रेट वयस्कर, चष्मा लावलेले, सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेणारे. मी शपथ घेतली. बकारामनं काशीरामला टाकलं, हे मी सांगितलं. बकारामनं मान खाली घातली.

"डोमाजींनी त्याला तसं करायला सांगितलं का?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

डोमाजी भिंतीशी उभे होते, हात जोडून, नेहमीसारखे शांत.

"मुलांचा आवाज फार होता," मी म्हटलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

मॅजिस्ट्रेटनी लिहिणं थांबवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नीट ऐकू आलं नाही, की ऐकू आलं नाही?"

मला वाटतं त्यांना कळलं होतं. मला वाटतं, ते मला पुन्हा एक संधी देत होते. त्या खोलीत माझ्या बाजूनं कायदा होता, मॅजिस्ट्रेट होते, दाराशी शिपाई होता. आणि मी एकटी होते.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. कागदावर टाक करकरत होता.

पुढे बकारामला थोड्या दिवसांची कैद झाली आणि डोमाजी सुटले. पण निकालाआधीची ती संध्याकाळ मला सांगायची आहे. साक्ष झाल्यावर डोमाजी म्हणाले, "चला बाई, उशीर होईल." मी त्यांना सांगितलं की मी प्रवासी मोटारीनं येते. तेवढं नाही म्हणणं मला कसं जमलं, ठाऊक नाही. फार उशिरा जमलं. दवनीवाड्याला मोटारीतून उतरले तेव्हा पुढच्या दारातून काशीराम आणि सेवंताही उतरली. गावाची वाट एकच. मी त्यांच्यामागे दहा पावलांवर चालत राहिले. सूर्य बुडत होता, कापलेल्या बांध्यांतले खुंट उन्हानं लाल दिसत होते. शेवटी मला ते दहा पावलांचं अंतर सोसेना. मी पुढे झाले.

"काशीरामजी, मला ऐकू आलं होतं," मी म्हटलं.

तो थांबला नाही. "मले माहीत हाये बाई. तुमी दारातच होत्या."

"मी घाबरले."

"हो," तो म्हणाला. चालता चालता पुन्हा म्हणाला, "बकारामचं नाव तं घेतलं तुमी. आमच्याकडून कोनी अर्धंबी बोलत नोयतं." हे त्यानं मला दिलासा द्यायला म्हटलं की मला माझी जागा दाखवायला, हे मी सदुसष्ट वर्षं ठरवते आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

नातीनं विचारलं होतं, कोर्टाचं कुणी ऐकलं नाही तर उरतं काय. मला तिला सांगायचं आहे की बाळा, लोक कोर्टाचं ऐकत नाहीत हे भीतीदायक आहेच. पण त्याच्या आधी एक गोष्ट घडते, तिची मला जास्त भीती वाटते. कोर्ट विचारतं, आणि माझ्यासारखी कुणीतरी साधी, शिकलेली, चांगल्या घरची बाई म्हणते, मला ऐकू आलं नाही. तिला कुणी मारलेलं नसतं. तिला फक्त रोज दूध मिळत असतं. तुमच्याकडे मोठी कोर्टं आहेत, मोठी राज्यघटना आहे, सगळं खरं. पण मोठमोठी माणसं टेबलाशी बसून म्हणत असतील की आवाज फार होता, नीट ऐकू आलं नाही, तर मी त्यांचा आवाज ओळखते. तो माझाच आहे. फोनवर मी हे काहीच बोलले नाही.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात दूध नव्हतं. मोटारीनं आले त्याचा अर्थ डोमाजींच्या घरात पोचला होता. मी शाळेत गेले. कुलूप उघडलं. खळ्यांवर लोक धान चुरत होते, मळणीच्या बैलांना हाकारल्याचे आवाज येत होते, धुकं इतकं की समोरचं चिंचेचं झाड दिसत नव्हतं. घंटा दिली. कुणी आलं नाही. पुन्हा दिली. मग धुक्यातून सेवंता आली, एकटी, पाटी कुशीत धरून. आत येऊन पहिल्या पट्टीवर बसली, टोकाला नाही, मधोमध.

रिकाम्या खोलीत आम्ही दोघीच. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली, थांबली, आणि पुढे गेली. आम्ही दोघींनी ती ऐकली.

"बाई," सेवंता म्हणाली, "तुमाले भेव लागते काय?"

"हो," मी म्हटलं.

"मलेबी," ती म्हणाली.

मग मी सातचा पाढा सुरू केला. ती माझ्यामागून म्हणू लागली. आम्ही हळू म्हणत होतो, मग तिनं आवाज मोठा केला.